अवधान : वेळेच्या हिशेबातून निसटलेली एक संकल्पना

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी होणाऱ्या उद्बोधन वर्गांत आणि कार्यशाळांत 'वेळेचे व्यवस्थापन' हा विषय आता रुळलेला आहे. अलीकडे त्याच्या जोडीला, काही ठिकाणी त्याच्या जागीच, 'अवधानाचे व्यवस्थापन' हा शब्दप्रयोग ऐकू येऊ लागला आहे. वेळ सर्वांना सारखाच, दिवसाचे चोवीस तास मिळतो. फरक पडतो तो त्या वेळात मन कोठे असते यामुळे, असा या नव्या मांडणीचा आशय आहे. तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि 'वेळ' हे पद काढून 'अवधान' हे पद बसविले आणि 'व्यवस्थापन' तसेच ठेवले तर नेमके काय बदलते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. त्यासाठी ज्या ग्रंथाचा आधार घेतला आहे तो व्यवस्थापनशास्त्राचा नाही. 'अवधान' हा शब्द मराठीत ज्या ग्रंथाने प्रतिष्ठित केला त्या ज्ञानेश्वरीकडे, विशेषतः तिच्या नवव्या अध्यायाकडे, या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा पाहावे असा हा प्रयत्न आहे.

आरंभ मात्र कारखान्यापासून केला पाहिजे. फ्रेडरिक टेलर यांचे 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे' हे पुस्तक 1911 साली प्रसिद्ध झाले. त्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण कच्च्या लोखंडाच्या लगडी वाहणाऱ्या मजुरांचे आहे. दिवसाला साडेबारा टन माल उचलणारा मजूर योग्य आखणीनंतर साडेसत्तेचाळीस टन उचलू शकतो, असा टेलर यांचा दावा होता. हातात घड्याळ घेऊन प्रत्येक हालचाल मोजावी, विश्रांतीचे क्षणही वरून ठरवून द्यावेत, ही ती पद्धत. या कामात मजुराच्या मनाला स्थान नव्हते आणि टेलर यांनी ते लपविलेही नाही. पुढे कार्यालयांत, शाळांत आणि शेवटी आपल्या दैनंदिनीत जे 'वेळेचे व्यवस्थापन' आले त्याचे कूळ येथे आहे. इ. पी. टॉम्पसन या इतिहासकारांनी 1967 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात औद्योगिक समाजात कामाचे मोजमाप कामावरून न होता घड्याळावरून कसे होऊ लागले, याचा जो आलेख काढला आहे तो या संदर्भात आजही वाचण्याजोगा आहे.

परंतु टेलर यांच्याच पुस्तकात आणखी एक उदाहरण आहे, आणि ते क्वचितच उद्धृत केले जाते. सायकलच्या बेअरिंगमधील पोलादी गोळ्या तपासणाऱ्या मुलींचे ते उदाहरण आहे. डाव्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या खाचांत गोळ्या फिरवीत, उजेडात त्यांतील बारीक दोष हेरणे हे त्यांचे काम. येथे स्नायूंचा नव्हे, नजरेचा कस लागे. साडेदहा तासांच्या दिवसात या मुलींचे लक्ष बराच काळ कामावर नसते हे ध्यानात आल्यावर कामाचा दिवस टप्प्याटप्प्याने साडेआठ तासांवर आणण्यात आला, दर सव्वा तासाने दहा मिनिटांची सुटी देण्यात आली, आणि उत्पादन घटण्याऐवजी वाढले. म्हणजे वेळ कमी करून अवधान वाढविता येते हा शोध काही आजच्या कार्यशाळांचा नाही. वेळेच्या व्यवस्थापनाच्या आद्यग्रंथातच तो नोंदलेला आहे. पण त्याची दुसरी बाजूही तेथेच नोंदलेली आहे. मुलींना एकमेकींशी बोलता येऊ नये इतक्या अंतरावर बसविण्यात आले. ज्यांची ग्रहणशक्ती पुरेशी चपळ नव्हती त्यांना, त्या कष्टाळू व प्रामाणिक असूनही, कामावरून कमी करण्यात आले. शेवटी पूर्वी 120 जणी करीत ते काम 35 जणी करू लागल्या. राहिलेल्यांचे वेतन बरेच वाढले हे खरे. पण 'अवधानाचे व्यवस्थापन' ही कल्पना वेळेच्या व्यवस्थापनापेक्षा स्वभावतःच अधिक माणुसकीची आहे, असे जे गृहीत धरले जाते ते या उदाहरणापुढे टिकत नाही. घड्याळ माणसाच्या हातापायांवर हक्क सांगते. लक्षावर हक्क सांगणारी व्यवस्था त्याच्याही आत शिरते.

या विचाराला अर्थशास्त्राची भाषा दिली ती हर्बर्ट सायमन यांनी. माहिती विपुल झाली की ती ग्रहण करणाऱ्यांचे लक्ष दुर्मिळ होते, असे त्यांनी 1971 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात प्रतिपादन केले. आज हातातील फोनवर जे चालले आहे ते पाहता त्यांच्या दूरदृष्टीला दाद दिलीच पाहिजे. मात्र या मांडणीत लक्ष ही एक साधनसंपत्ती ठरते. ती तुटपुंजी आहे, म्हणून तिचे वाटप काळजीपूर्वक करावयाचे. मराठीतील वाक्प्रचार थोडे निराळे सांगतात. आपण वेळ काढतो, घालवतो, वाचवतो, प्रसंगी मारूनही नेतो. लक्षाच्या बाबतीत यांतील एकही क्रियापद बसत नाही. लक्ष 'वाचवून' उद्यासाठी ठेवता येत नाही. लक्ष द्यावे लागते, कान द्यावे लागतात. किंवा मग ते वेधले जाते, उडते, विचलित होते. देणे ही येथे मुख्य क्रिया आहे, आणि ज्याला द्यावयाचे तो दुसरा कोणी तरी असतो. ज्ञानेश्वरांची सारी मांडणी या 'देण्या'वर उभी आहे.

शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 च्या सुमारास, नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या या टीकेत गीतेच्या सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. नवव्या अध्यायाचा प्रारंभ कोणत्याही देवतेच्या वंदनाने होत नाही. तो थेट श्रोत्यांकडे वळतो आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट मागतो : अवधान. ते दिले तर सर्व सुखाचे अधिकारी व्हाल, असे प्रतिज्ञापूर्वक सांगतो. लगेच पुढे स्वतःला सावरतो. सर्वज्ञांच्या या सभेत मी हे प्रौढीने बोलत नाही, ही माझी सलगीची विनंती आहे, माहेर श्रीमंत असले की लाडक्याचे लाड पुरे होतात तसे हे आहे, अशी त्याची भूमिका आहे. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. अवधान मागण्याचा अधिकार वक्त्याला कोठून मिळाला? पदामुळे नव्हे, विद्वत्तेमुळे नव्हे, गुरूच्या आज्ञेमुळेही येथे तो मागत नाही. लेकराने मागावे तसे मागतो. मागणारा लहान आहे आणि देणारे मोठे आहेत. वर्गात शिरताच 'इकडे लक्ष द्या' असे आपण म्हणतो तेव्हा या नात्याची नेमकी उलटापालट झालेली असते.

याच प्रास्ताविकात चंद्रकांत मण्याचा दृष्टांत येतो. मणी पाझरतो हे खरे, पण पाझरविण्याची हातोटी चंद्राच्या ठायी असते. म्हणून श्रोत्यावाचून वक्ता हा वक्ताच नव्हे, असा निष्कर्ष ज्ञानेश्वर काढतात. हा केवळ विनय आहे असे समजून अनेक भाष्यकार पुढे जातात. मला तसे वाटत नाही. व्याख्यानाची निर्मिती कोठे होते यासंबंधीचे ते एक गंभीर विधान आहे. दृष्टांतात श्रोता हा भरावयाचे भांडे नाही. तो चंद्र आहे. त्याच्या अवधानामुळे वक्त्यात जे आहे ते बाहेर येते, आणि ते नसेल तर मणी दगडच राहतो. पंचवीस-तीस वर्षे शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाला हे पटावे. तोच पाठ, तीच टिपणे. एका तुकडीत तास रंगतो आणि दुसरीत शब्द जड होतात.

पहिल्या अध्यायात हे अवधान कसे असावे याचे वर्णन आले आहे. शरदाच्या चांदण्यातील कोवळे कण चकोराची पिले हळुवार मनाने वेचतात. भ्रमर पराग घेऊन जातात आणि कमळाच्या पाकळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. कुमुदिनी आपली जागा न सोडता चंद्राला आलिंगन देते. तिन्ही दृष्टांतांत जोर नाही, ताण नाही, कपाळाला आठी नाही. 'एकाग्रता' या शब्दाभोवती आज जे मुठी आवळण्याचे वातावरण असते त्याच्याशी याचा काही संबंध नाही. अवधान म्हणजे येथे प्रयत्नापेक्षा अलवारपणा आहे.

परंतु नवव्या अध्यायाची खरी गंमत त्याच्या शेवटी आहे, आणि प्रारंभाशी जोडून पाहिल्याखेरीज ती कळत नाही. कृष्णार्जुनसंवाद संपतो आणि ज्ञानेश्वर आपल्याला हस्तिनापुरात आणतात. राजविद्या राजगुह्य म्हणून जे सांगितले गेले ते सर्व संजयाने धृतराष्ट्राला ऐकविले आहे. संजय स्वतः त्या बोलाने इतका भारावला आहे की त्याची वाणी जागच्या जागी खिळते, अंगावर सात्त्विक भाव उमटतात. आणि म्हातारा? तो उगाच बसला आहे. पुराच्या पाण्यात बसलेली म्हैस उठू नये तसा. सबंध ज्ञानेश्वरीत इतकी रोखठोक, इतकी गावरान उपमा फार थोड्या ठिकाणी सापडते. ज्या अध्यायाने अवधानाच्या मागणीने तोंड उघडले तो अवधान न देणाऱ्या श्रोत्याच्या चित्रावर येऊन मिटतो. हा योगायोग मानावयास मी तयार नाही. शब्द तेच होते, वेळ तोच होता, दोघेही एकाच दालनात होते. धृतराष्ट्र अर्ध्यातून उठून गेला नाही, डुलकीही घेतली नाही. आजच्या भाषेत सांगावयाचे तर त्याची उपस्थिती शंभर टक्के होती. पाणी अंगावरून वाहून गेले, एवढेच.

वेळेच्या कोणत्याही हिशेबात संजय आणि धृतराष्ट्र यांच्यातील फरक दाखविता येणार नाही.

आता अवधान हे असे लाभणारे, चंद्रासारखे उगवणारे असेल तर त्याबाबत काही करता येते की नाही? हा प्रश्न सहाव्या अध्यायात येतो. मन चंचल आहे, जेथे जेथे ते भरकटेल तेथून त्याला परत आणावे, असे गीता सांगते. ज्ञानेश्वरांचे त्यावरील भाष्य वेगळे आहे. निश्चयाच्या बाहेर जावयाचे नाही एवढा एकच नियम जिवाशी करावा. तेवढ्याने चित्त स्थिरावले तर उत्तमच. नाही स्थिरावले तर खुशाल मोकळे सोडून द्यावे. ते जेथे जाईल तेथून तो नियमच त्याला घेऊन येईल, आणि असे होता होता स्थैर्याची सवय लागेल. मन बांधून ठेवा असे येथे म्हटलेले नाही. जाणे गृहीत धरले आहे. साधना परतण्याची आहे. विल्यम जेम्स यांनी 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात, भरकटलेले लक्ष पुन:पुन्हा स्वेच्छेने परत आणण्याची शक्ती हेच विवेकाचे आणि चारित्र्याचे मूळ होय, ती शक्ती वाढविणारे शिक्षण हेच श्रेष्ठ शिक्षण ठरेल, अशा आशयाचे विधान केले आहे. आणि असे शिक्षण कसे द्यावे हे सांगणे मात्र कठीण आहे, हेही प्रांजळपणे कबूल केले आहे. सहाशे वर्षांचे अंतर आणि हेतूंतील जमीनअस्मानाचा फरक लक्षात घेऊनही, दोघांनी 'टिकून राहण्या'पेक्षा 'परतून येण्या'वर भर दिला हे साम्य लक्षणीय आहे. सोफी लरॉय यांनी 2009 साली केलेल्या अभ्यासाने याला एक आधुनिक पुस्ती जोडली : अर्धवट राहिलेल्या कामावरून आपण दुसऱ्या कामाकडे वळतो तेव्हा अवधानाचा काही अंश मागेच रेंगाळतो. परतणे म्हणूनच फुकट होत नाही. एका तासिकेतून उठून कार्यालयात, तेथून परीक्षा विभागात, तेथून पुन्हा वर्गात जाणाऱ्या अध्यापकाला यासाठी प्रयोगशाळेचा पुरावा लागणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आपल्याकडे 'अष्टावधानी' हे विशेषण कौतुकाचे आहे; मग एका वेळी अनेक व्यवधाने सांभाळणे परंपरेला मान्यच होते ना? प्रत्यक्ष अवधानकलेकडे, म्हणजे संस्कृत आणि विशेषतः तेलुगू परंपरेत आजही चालू असलेल्या सभेकडे पाहिले की या आक्षेपातील दोष दिसतो. आठ पृच्छक असतात. कोणी समस्या पूर्ण करावयास देतो, कोणी ठरावीक शब्द घालून श्लोक रचावयास सांगतो, कोणी अक्षरागणिक मनाई करीत जातो. आणि 'अप्रस्तुतप्रसंग' नावाचा एक पृच्छक तर केवळ असंबद्ध गप्पा मारून व्यत्यय आणण्यासाठीच बसविलेला असतो. अवधानी आठ कामे एकदम करीत नाही. तो प्रत्येकाकडे क्रमाने वळतो, तुटलेला श्लोक जेथे तुटला तेथूनच उचलतो, आणि अखेरीस सर्व श्लोक धारणेतून एकसंध म्हणून दाखवितो. हीदेखील परतण्याचीच विद्या आहे. आपल्याकडे अष्टावधानी म्हणविणाऱ्या अनेकांचा आठव्या पृच्छकाशीच अधिक परिचय असतो, ही गोष्ट अलाहिदा.

समर्थांच्या 'सावधपणा'शीही अवधानाची गल्लत होऊ नये. दासबोधात हरिकथानिरूपण आणि राजकारण यांच्यानंतर तिसरे स्थान सर्व विषयांतील सावधपणाला दिले आहे. ही चौफेर नजर आहे, पहारेकऱ्याची आहे. संस्था चालवावयाची असेल तर ती हवीच. पण प्राचार्याच्या सावधपणाने कविता शिकविता येत नाही. याच शब्दाची हाक ऐकून नारायण बोहल्यावरून पळाला ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. त्यातील एक तपशील मला नेहमी मौजेचा वाटतो. लग्नमुहूर्त घटिकापात्राने मोजला जात असे. चोवीस मिनिटांची घटका बुडाली की मुहूर्त भरला. म्हणजे वेळ अगदी काटेकोर मोजलेला होता. हाक मात्र 'वेळ झाली' अशी दिली जात नाही. 'सावधान' अशी दिली जाते.

याहून गंभीर आक्षेप दुसराच आहे, आणि त्याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. ज्ञानेश्वरांचे श्रोते संत होते, स्वेच्छेने जमलेले होते. भक्तीतील अवधानाचे निकष पदवीच्या वर्गाला लावणे कितपत न्याय्य? शिवाय निवांत बसून अवधान देण्याची सवड कोणाला होती? पहाटे उठून दळण दळणाऱ्या बाईला ती नव्हती. पण येथे जात्यावरची ओवी आठवल्यावाचून राहत नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेडोपाडी संकलित झालेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या स्त्रियांचा वेळ त्यांचा नव्हता. तो घराचा होता, जात्याचा होता. हात दुसऱ्याच्या पिठात गुंतलेले असताना मन मात्र सीतेच्या वनवासाकडे, माहेरच्या वाटेकडे, पंढरीकडे पूर्णपणे दिलेले असे. वेळेवर सत्ता नसतानाही अवधानावर थोडी सत्ता राखता येते याचा एवढा मोठा पुरावा आपल्याजवळ आहे. अर्थात त्यावरून श्रमाचे गोडवे गाऊ नयेत. जात्याची लय मनाला मोकळे ठेवते. दर मिनिटाला वाजणारा फोन ठेवीत नाही. आजच्या विद्यार्थ्याची सवड हिरावली गेली आहे ती या दुसऱ्या प्रकारे.

आपल्या व्यवसायाची नियमबद्ध बाजू पाहता येथे सर्व भाषा वेळेची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार आठवड्याला किमान 40 तास कार्यभार, वर्षाला 30 आठवडे म्हणजे 180 अध्यापन दिवस, सहायक प्राध्यापकास 16 तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकास 14 तास, आणि रोज किमान 5 तास महाविद्यालयात उपलब्धता, अशी मोजणी आहे. नियमाला मोजण्यावाचून गत्यंतर नसते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार असेल तर ती ही, की जे मोजले गेले नाही ते हळूहळू आपल्याही हिशेबातून गेले. निबंध तपासताना तो वाचला का, हा प्रश्न किती वाजता संपविला या प्रश्नाखाली दबला. प्रस्तुत लेखकही यास अपवाद नाही. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे म्हैस होऊन बसण्याचा अनुभव आपणा सर्वांच्या परिचयाचा असावा. अशा स्थितीत 'अवधानाचे व्यवस्थापन' शिकविणारी आणखी एक कार्यशाळा, आणखी एक तक्ता, आणखी एक नोंदवही आली तर काय होईल? गोळ्या तपासणाऱ्या मुलींची खुर्ची आणखी थोडी दूर सरकविली जाईल. अवधान देण्याजोगे काही समोर आहे का, आणि ते मागण्याचा अधिकार आपण कोणत्या नात्याने कमावला आहे, हे प्रश्न व्यवस्थापनाच्या कक्षेत येतच नाहीत.

धृतराष्ट्राची पुन्हा भेट होते ती अठराव्या अध्यायाच्या अखेरीस. सर्व सांगून झाले आहे. संजय कृष्णार्जुनांच्या संवादाची आठवण काढून काढून आनंदाने विरघळतो आहे, आणि राजा त्याला टोकतो. तुला येथे कशासाठी बसविले आहे आणि तू हे काय अवेळी बोलतोस, असा त्याचा रोष आहे. त्याला हवे आहे ते एकच : जय कोणाचा होणार? आपल्या दुर्योधनाचे बळ अधिक आहे, तेव्हा त्याचाच व्हावा, असे त्याचे मन त्याला सांगते आहे. अठरा अध्याय कानांवरून गेल्यानंतरचा हा पहिला प्रश्न. तास संपता संपता मागच्या बाकावरून 'सर, हे परीक्षेला आहे का?' असे कोणी विचारले की मला तो आठवतो, आणि मग त्या मुलावर रागावणे जमत नाही.